सत्तावीस खाचा, दोन शंकास्पद

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय साळू,

हे पत्र आधी मी कार्यालयीन थाटात लिहिलं होतं. ‘महोदया, विषय : साळिंदराच्या पटाशीच्या दातांच्या मापाबाबत.’ खाली सही, हुद्दा, संग्रहालयाचा शिक्का, सगळं साग्रसंगीत. मग स्वतःचंच हसू आलं आणि कागद फाडला. जिला सायकल शिकवताना मी काटेरी कुंपणात ढकललं आणि घरी येऊन ‘हीच पडली’ म्हणून सांगितलं, तिला महोदया कसं म्हणायचं?

काम असं आहे. पूर्ण वाढलेल्या साळिंदराच्या वरच्या पटाशीच्या दातांची रुंदी किती भरते, आणि त्या दातांनी सुक्या हाडावर उठणारी खाच किती रुंद असते, एवढं मला हवं आहे. पुस्तकांत आहे ते पाहिलं, पण पुस्तकवाल्यांनी पिंजऱ्यातल्या जनावरांची मापं घेतली आहेत. रानातल्या साळिंदरांच्या बिळांत तीस वर्षं डोकं घालून बसलेली माझ्या ओळखीची एकच व्यक्ती आहे.

कशासाठी हवं, तेही सांगतो. आमच्याकडे वर्षभरापूर्वी एक नवी संशोधक रुजू झाली. जुन्या वस्तूंचं वय काढणं हे तिचं काम, म्हणून मी तिला तारीखवाली म्हणतो. मला नाव ठेवू नका म्हणते, पण परवा फोन उचलून स्वतःच ‘हां, तारीखवाली बोलतेय’ म्हणाली. तिने काचपेटीतल्या त्या हाडाचा नमुना मागितला आहे. तेच हाड, ज्याच्यासमोर शाळेची मुलं रांगेत उभी राहतात आणि मी छाती पुढे काढून सांगतो, की आठ हजार वर्षांपूर्वी कुणा माणसाने रोज चंद्र पाहून यावर एकेक खाच पाडली. एकोणतीस खाचा, चंद्राच्या महिन्याचे एकोणतीस दिवस.

मटारच्या दाण्याएवढा तुकडा काढावा लागतो. आजवर अशी मागणी तीनदा आली आणि तिन्ही वेळा मी ‘हाडाला भोक पाडू देणार नाही’ म्हणून अडून बसलो. सगळ्यांना वाटलं, काय जपतो हा माणूस. या खेपेला संचालकांनी मला न विचारताच सही केली. येत्या शुक्रवारी नमुना निघेल.

एक अगदी बारीक गोष्ट. तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची जुनी नोंदवही अजून आहे का? असली तर ठीक, नसली तरी ठीक. सहज विचारलं.

दिवसभर शास्त्रज्ञांना पत्रं पाठवायची सवय, त्यामुळे पाकिटावर तुझ्या नावाआधी ‘डॉ.’ लिहायला गेलो आणि पेन तिथेच थांबलं. तिथे आता शाईचा एक डाग आहे. त्याचा राग मानू नकोस.

तुझा दादा
(हा शब्द नको असेल तर खोडून टाक.)


बुधवार, १९ फेब्रुवारी

प्रिय साळू,

तुझं उत्तर मिळालं. एक पान, चौदा जनावरं, प्रत्येकाच्या दाताचं माप, खाली रबरी शिक्का आणि एकच ओळ : ‘आणखी तांत्रिक माहिती हवी असल्यास कळवावे.’ म्हणजे मी फाडलेला मसुदा तू लिहून पाठवलास. खूप हसलो. मग ते पान खणात ठेवलं, आणि दुपारी पुन्हा काढून पाहिलं. तुझा सात अजून तसाच आहे, मान मोडल्यासारखा. बाई त्यासाठी तुला पट्टी मारायच्या.

अजून एका तांत्रिक माहितीसाठी हे पत्र, असं समज.

ती टेकडी आठवते का? खाली आमचा उत्खननाचा खड्डा आणि वर चाळीस पावलांवर तुझं बीळ. आई तुला एकटीला टेकडीवर जाऊ देईना. ‘दादाबरोबर जायचं, दादाबरोबर यायचं’ हा तिचा हुकूम, म्हणून तू ते बीळ निवडलंस. तू पोटावर पडून बिळातली हाडं बाहेर ओढायचीस. साळिंदरं दात झिजवायला कुठून कुठून सुकी हाडं आणून टाकतात, हे मला तुझ्यामुळे कळलं. सगळ्यांना सांगायचीस, ‘चरबी असलेलं हाड त्यांना नको असतं, कोरडंच लागतं, फार चोखंदळ असतात.’ त्यावरूनच मी तुला साळू म्हणायला लागलो. आईही म्हणायला लागली, मग खरं नाव मागेच पडलं.

आपल्याकडे वाळवायला पत्रा एकच होता. अर्ध्यावर माझी खड्ड्यातली धुतलेली हाडं, अर्ध्यावर तुझी बिळातली. दोन्हींची माती एकाच टेकडीची, रंग एकच. म्हणून तू मधोमध खडूची रेघ मारायचीस. मी बादली आणून बरोबर त्या रेघेवर ठेवायचो. रोज रेघ पुसली जायची, रोज तू नवी मारायचीस आणि रोज मला दोन शब्द ऐकवायचीस.

हाडावर नंबर घालायची तुझी तऱ्हाही आठवते. आधी मापं घेऊन वहीत नोंद. मग पोकळ टोकाच्या आत बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका. तो वाळला की त्यावर बारीक पेनने नंबर, म्हणजे शाई हाडात झिरपत नाही. तुझ्या पिशवीत ती बाटली सापडली तेव्हा आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘टेकडीवर कोण असतं रे तुमच्याबरोबर?’

आणि ते बारीक पेन. शेवटच्या दिवशी दुपारी ते मी घेतलं होतं, माझ्या पिशव्यांवर तारखा घालायला. तू दोनदा मागितलंस. ‘देतो ग’ म्हणालो आणि खड्ड्यात उतरलो. तुला हे आठवतं की नाही, ठाऊक नाही. मला आठवतं.

पुढचं लिहायला जड जातंय, पण लिहितो. तुझ्या पीएच.डी.च्या सरांनी तपासणी केली तेव्हा वहीत एक्केचाळीस नोंदी होत्या आणि पेटीत हाडं चाळीस. जे हाड नाही त्याची नोंद म्हणजे बनावट नोंद, असं ते म्हणाले. तू मला विचारलंस, ‘दादा, तू पाहिलंस का रे?’ मी म्हणालो, ‘तू आहेसच वेंधळी, टाकलं असशील कुठे तरी.’ आपण दोघंच असताना म्हणालो असतो तर गोष्ट वेगळी. मी सरांच्या देखत म्हणालो. घरचाच माणूस म्हणतोय म्हटल्यावर सरांनाही अवघडायचं कारण उरलं नाही. त्यांनी तुला कामावरून काढलं, आणि तुझ्या नावाआधी जे लागायचं होतं ते राहून गेलं.

दोन वर्षांनी माझं हाड काचपेटीत लागलं. तू उद्घाटनाला आलीस, बराच वेळ काचेपाशी वाकून उभी राहिलीस आणि हळूच म्हणालीस, ‘दादा, हे माझं एक्केचाळीस आहे.’ तेव्हाही हळूच बोललीस, माझी अब्रू राखून. मी काय केलं? पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रात लिहिलं, की साळिंदरांचा अभ्यास करणाऱ्यांना चंद्रातही साळिंदर दिसतं. लोक हसले. ओळ चांगली जमली होती, हेच तिचं वाईट. त्या ओळीबद्दल मी आज माफी मागतो.

हाड खरोखर कुणाचं, हा वेगळा प्रश्न. तो नमुन्यावरून ठरेल. नमुना गेला आहे. तू पाठवलेली मापं जुळतात असं मी म्हणत नाही. जवळपास आहेत, एवढंच.

तब्येतीला जप. बिळात वाकताना तुझी कंबर धरत असेल आता.

दादा


मंगळवार, ११ मार्च

साळू,

निकाल आला. हाड साठ वर्षांच्या आतलं आहे.

संचालकांनी मला बोलावून घेतलं. ते रागावले होते, पण माझ्यावर नाही. ‘आठ हजार वर्षांचं हाड कालपरवाचं कसं होईल? पोरीने नमुन्यांची अदलाबदल केलीय,’ म्हणाले. एक कागद टाईप होऊन तयार होता : ‘नमुना हाताळताना संबंधित संशोधिकेकडून हलगर्जीपणा झाला असावा, असे माझे तज्ज्ञ मत आहे.’ खाली माझं नाव, सहीला जागा.

तारीखवाली दारातच उभी होती, वही छातीशी धरून. मला म्हणाली, ‘सर, मी तीन वेळा पाहिलंय. दुसरा नमुना असूच शकत नाही. तुम्ही समोर होता ना?’

मी समोर होतो. हाड मीच काचपेटीतून काढून तिच्या हातात दिलं होतं.

संचालकांना म्हणालो, ‘उद्या सही करतो, चष्मा घरी राहिलाय.’ चष्मा माझ्या कपाळावर होता. तो त्यांनी पाहिला, तिनेही पाहिला.

घरी येऊन बसलो आहे. तू वही छातीशी धरून सरांच्या दारात अशीच उभी होतीस, आणि तेव्हाही माझ्याच एका वाक्यासाठी सगळे खोळंबले होते. तेव्हा मला खरं ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. आज नाही, साळू, अकरा वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. मागच्या पत्रात ‘नमुन्यावरून ठरेल’ लिहिलं ते खोटं होतं. त्याआधीच्या पत्रात ‘सहज विचारलं’ लिहिलं तेही.

अकरा वर्षांपूर्वी संग्रहालयात अल्ट्राव्हायोलेट दिवा आला. जुन्या वस्तूंवर कुणी कुठे डिंक लावलाय, डागडुजी केलीय, ते त्या उजेडात उठून दिसतं. मी हौसेने एकेक हाड त्याखाली धरत गेलो. जुनी हाडं मळकट तपकिरी दिसायची. माझं चंद्राचं हाड धरलं आणि ते निळसर पांढरं चमकलं. ताजं हाड तसं चमकतं. मी म्हटलं, हाड टिकावं म्हणून वरून फासलेल्या लॅकरमुळे असेल. म्हणून ते टोकाकडून वळवून पाहिलं. आत, पोकळीच्या कडेला, शर्टाच्या बटणाहून लहान असा पिवळट ठिपका होता. एकच, व्यवस्थित गोल, कुंचल्याच्या एका फटक्यात दिलेला. तुझा हात मी ओळखतो.

ठिपक्यावर नंबर नव्हता. नंबर असता तर मी ते हाड रेघेपलीकडे तुझ्याकडे सरकवलं असतं. पण पेन माझ्याकडे होतं. खड्ड्यातून ते हाड निघताना कुणीच पाहिलं नव्हतं, मला ते संध्याकाळी माझ्या ट्रेमध्ये सापडलं, आणि खड्ड्याचं वय तेच मी त्याचं धरलं. पत्रा आवरताना मीच ते उचललं असणार. मला खाचा दिसल्या, आणि मग दुसरं काही दिसलं नाही. त्याच संध्याकाळी वरून लॅकर फासलं आणि तुझा ठिपका माझ्याच हाताने बंद केला.

इथवर ती चूक होती. पुढचं मी जाणूनबुजून केलं. दिवा बंद केला, हाड काचपेटीत ठेवलं, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मुलांसमोर पुन्हा चंद्र.

आणि आई. आई माझ्याकडे राहायला आल्यापासून अधूनमधून विचारायची, ‘तिचं ते हाड सापडलं का रे?’ हरवलेल्या रुमालाबद्दल विचारावं तसं. तिला त्यातलं शास्त्र कळत नव्हतं. हाड सापडलं की तू घरी येशील, एवढं कळत होतं. दिव्यानंतरच्या रविवारी जेवताना तिने पुन्हा विचारलं. ताटावरची मान वर न करता मी म्हणालो, ‘नाही.’ त्यानंतर ती तीन वर्षं जगली. किती वेळा विचारलं असेल, ते मोजायचा धीर मला नाही.

ती गेली तेव्हा तू आलीस. लोक निघून गेल्यावर तू भांडी घासत होतीस आणि मी पुसत होतो. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात तू म्हणालीस, ‘हे पातेलं कुठे ठेवू?’ मी म्हणालो, ‘वरच्या फळीवर.’ आपण एकमेकांशी बोललेलं ते शेवटचं, त्याला आठ वर्षं झाली.

का लपवलं, याचं मोठं कारण शोधत बसलो तर सापडेल, पण ते खोटं असेल. लोकांत वेंधळा ठरायची मला भीती वाटली. एवढंच. तुला वेंधळी ठरवताना मला काहीच वाटलं नव्हतं.

उद्या दहा वाजता संचालकांना सांगणार आहे. हे पत्र आधी पेटीत टाकतो आणि मग कामावर जातो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

दादा


गुरुवार, २० मार्च

प्रिय साळू,

सांगितलं.

संचालकांनी आधी मला पाणी दिलं आणि बरं वाटत नाहीये का विचारलं. मग म्हणाले, ‘तीन महिन्यांनी निवृत्त होताय, कशाला उकरून काढताय?’ मी म्हटलं, तीस वर्षं तेवढ्याचाच तर पगार घेतला. ते हसले नाहीत. ठिपका दाखवला तर म्हणाले, नेलपॉलिश कुणीही लावेल, एवढ्यावरून संग्रहालयाचं नाव बुडवायचं का? कागद अजून तसाच आहे, तुमची नसेल तर दुसऱ्या कुणाची सही घेऊ.

बाहेर आलो तर तारीखवाली जिन्यात बसली होती. तिला सगळं सांगितलं, आईचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या दिवशी चष्मा कपाळावर होता, माहितीये ना तुम्हाला?’ मी माहितीये म्हटलं. ‘मला वाटलं तुम्ही सही करणार. घरी जाऊन मी आईला तसं सांगितलं पण,’ म्हणाली. मला फार लाज वाटली, साळू.

आठवडा असाच गेला. मग काल तुझं पार्सल आलं. चिठ्ठी नाही, काही नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली निळी वही. तू ती पाठवलीस. मी इतकं सगळं कबूल केल्यावर, तीस वर्षं जपलेली तुझी एकुलती एक साक्ष तू माझ्या हाती दिलीस. मी टॉवेलच हातात घेऊन बसलो काही वेळ.

पण वही उघडली नाही. आधी तारीखवालीला म्हटलं, हे हाड मायक्रोस्कोपखाली घे, आजवर कुणी काय लिहिलंय ते विसर, आणि स्वतः मोजून कागदावर लिही. तिला दोन तास लागले. मी मागे येरझाऱ्या घालत होतो. ‘सर, बसा ना, टेबल हलतंय,’ असं दोनदा म्हणाली.

शेवटी म्हणाली, ‘सत्तावीस.’

मी म्हटलं, ‘नीट मोज. एकोणतीस आहेत.’ बघ, सगळं संपल्यावरही माझी जीभ हेच म्हणाली.

‘सत्तावीसच आहेत. ह्या दोन भेगा आहेत, सर. दात लागलेलाच नाहीये इथे. तुम्ही बघा.’

मी डोळा लावला. भेगाच होत्या. तीस वर्षांपूर्वीही भेगाच असणार.

मग वही उघडली. एक्केचाळीसावी नोंद तिने मोठ्याने वाचली. ‘लांबी १८.४ सेंमी. खाचा २७, आणि दोन शंकास्पद, बहुधा भेगा. सर्वांत रुंद खाच ४.६ मिमी.’ तिने आपला कागद शेजारी ठेवला. लांबी तीच, सत्तावीस तेच, सर्वांत रुंद खाच दशांशापर्यंत तीच.

साळू, तू तेवीस वर्षांची होतीस, आणि ज्या दोन खाचांची खात्री नव्हती त्या तू मोजल्या नाहीस. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. मला चंद्र हवा होता, म्हणून मी त्या मोजल्या. आपल्या दोघांत शास्त्रज्ञ कोण होतं हे त्या एका ओळीत लिहिलेलं आहे, आणि बनावट ठरवली ती नेमकी तीच ओळ.

पुढे शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक वाक्य आहे. तुला आठवत असेल. ‘पॉलिश दिलं. पेन दादाकडे. नंबर उद्या.’

तारीखवालीने ते वाचलं आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी वही घेऊन संचालकांकडे गेलो, ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग तो टाईप केलेला कागद काढून स्वतःच फाडला. तिच्यावरचा ठपका गेला. मला लेखी खुलासा द्यायचा आहे. काल बसून लिहिला, सोबत प्रत पाठवतो. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द फक्त एकदा आहे आणि अकरा वर्षांबद्दल तो वापरलेला नाही.

तुझे सर आता नाहीत. पण त्यांच्या विभागाला संग्रहालयाच्या वतीने पत्र गेलं आहे, की एक्केचाळीसावी नोंद खरी होती, हाड आमच्याकडे होतं आणि चूक आमच्या माणसाची होती. ते काय करतील, मला माहीत नाही. त्या तीस वर्षांचं मी काहीच करू शकत नाही, हे मात्र माहीत आहे.

वही मी स्वतः आणून देईन. टपालावर माझा विश्वास नाही.

दादा


शनिवार, ५ एप्रिल

प्रिय साळू,

वर्तमानपत्राचं कात्रण कुणी तुला पाठवलं असेलच. फोटो वाईट आला आहे, पण मजकूर बरोबर आहे. ‘ज्येष्ठ तज्ज्ञाची तीस वर्षांची चूक’ हे मथळ्यात मोठ्या अक्षरांत आहे. पहिल्या दिवशी मान खाली घालूनच घराबाहेर पडलो. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, ‘काय साहेब, आज पेपरात!’ त्याने फक्त फोटो पाहिला होता.

मंगळवारी शाळेची सहल आली. काचपेटी रिकामी, समोर चाळीस मुलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग मी सांगितलं, की इथे एक हाड होतं, त्यावर माणसाने खाचा पाडल्या असं मी सांगत होतो, आणि ते चुकीचं होतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, ‘मग कुणी पाडल्या?’ म्हटलं, साळिंदराने. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, झिजवले नाहीत तर तोंड मिटता येणार नाही, म्हणून ते हाडं गोळा करून कुरतडतं. त्यावर जी झुंबड उडाली! कुठे राहतं, काटे खरंच फेकतं का, चावतं का, दात दाखवा. तीस वर्षांत चंद्राला इतके प्रश्न आले नव्हते. अर्ध्याहून अधिक प्रश्नांना मी म्हणालो, मला माहीत नाही, माझ्या बहिणीला माहीत आहे.

एकजण म्हणाला, ‘मग तिलाच बोलवा की.’

हाड आता परत काचपेटीत जाईल, वेगळ्या पाटीसह. मजकूर तारीखवालीने केला आहे : साळिंदराने कुरतडलेलं हाड, मग तुझं नाव, मग वर्ष. माझं नाव शेवटी, ‘चुकीची ओळख’ या शब्दांपुढे. अक्षराचा आकार थोडा लहान करता येईल का, असं मी विचारलं. नाही म्हणाली.

नंबर मात्र राहिला आहे. वरचं माझं लॅकर कापसाच्या बोळ्याने हळूहळू काढलं, खाली तुझा ठिपका जसाच्या तसा निघाला. संचालक म्हणतात, नोंद करायची तर नियमाने आमच्या माणसाने नंबर घातला पाहिजे. तारीखवालीने नवीन बारीक पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. मी ते उचललं आणि खाली ठेवलं. या नंबरासाठीचं पेन तुझ्याऐवजी माझ्या हातात असण्याची ही दुसरी खेप ठरली असती.

आणि मग काल तुझं कार्ड आलं. इथे पुन्हा उतरवून काढतो. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, पण मला लिहून पाहायचं आहे.

‘दादा, चूक माफ. अकरा वर्षं माफ नाहीत. आईला नाही म्हणालास ते तर मुळीच नाही. त्याचं समोर बसून बोलू, आणि मी बोलेन तेव्हा तू मध्ये बोलायचं नाही. सोळा तारखेला दुपारच्या गाडीने येते. नंबर मी घालणार. तोवर हाडाला हात लावू नकोस. पेन माझं मी आणते, तुझ्याकडून परत मिळत नाही.’

पहिला शब्द मी तारीखवालीला दोनदा दाखवला. ‘वाचलं, सर,’ म्हणाली.

मध्ये बोलणार नाही. जे ऐकायचं आहे ते सगळं ऐकेन, माझं त्यावर काही म्हणणं नाही. तुझं जुनं पेनही सापडलं, उत्खननाच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी. वाळून गेलं आहे, लिहीत नाही, पण परत द्यायला काढून ठेवलं आहे. गाडीला उशीर झाला तरी मी थांबलेला असेन, स्टेशनबाहेर, छत्रीच्या दुकानाच्या बाजूला. आता केस पांढरे झालेत माझे, म्हणून सांगून ठेवतो.

हाडाला हात लावलेला नाही. माझ्या टेबलावर मधोमध खडूची रेघ मारली आहे. हाड तुझ्या बाजूला आहे.

तुझा,
दादा